देव्हाऱ्यातली सेटिंग

मी एक जुनी सेटिंगची फाइल आहे. मित्रांनो, कुंकवाखाली तुम्ही मला शोधणार नाही, म्हणून आधीच सांगते: मी देव्हाऱ्यात, एका पेनड्राइव्हमध्ये राहते.

मला विचुंबे गावच्या आनंदा नावाच्या माणसाने लिहिले. त्याच्या बायकोचे, गोदूचे, डोळे अधू होत चालले होते आणि तिला आईचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, कॉम्प्युटरवर उतरवायची होती. "पांढऱ्यावर दिसत नाय ना? थांब, काळ्यावर पिवळा करतो," तो म्हणाला. एडिटर, म्हणजे टाइप करायचा प्रोग्राम, उघडला की तो प्रोग्राम आधी मला वाचायचा आणि मी सांगेन तसा वागायचा: अक्षरे बोराएवढी, आणि एक बटण दाबले की टाइप केलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवायची. बंद होताना गोदूने केलेले बदल तो माझ्यातच जपून ठेवायचा. गोदू हरखून गेली होती.

दसऱ्याला आनंदाने माझी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि हळदकुंकू वाहून पूजेत मांडली. तीच मी. दिवाळीआधी आनंदा गेला. गोदूने मला तिथून हलवले नाही.

पुढे पुतण्या धनेशने नवा कॉम्प्युटर आणला. जुन्यातली माझी जुळी बहीण त्याने नव्यावर नेली खरी, पण तिथला एडिटर उघडा ठेवून. मग शहाण्याने तो बंद केला! बंद होताना एडिटरने आपली कोरी सेटिंग तिच्यावर लिहून टाकली. जुना कॉम्प्युटर तोवर पुसून भंगारात गेला होता.

"काकी, दुसरी कॉपी हाय का कुठं?"

"नाय रे. ह्यांनी काय सांगितलं नाय."

धनेशची नजर माझ्याकडे गेली. त्याने हात पुढे केला.

"तिला हात नको लावू! ह्यांच्या हातची पूजा हाय ती."

पोराने मुकाट्याने हात जोडले. मी ओरडले असते, पण फाइल आपणहून बोलत नाही. तिला कुणीतरी उघडावे लागते.

धनेशने अक्षरे मोठी करून पाहिली. पण पांढरा पडदा गोदूच्या डोळ्यांना टोचतो आणि वाचून दाखवणारे बटण काही त्याला जमले नाही. धवले अर्धेच राहिले. आता ती देव्हाऱ्यापुढे बसून ते म्हणते, मधलीच ओळ विसरते आणि गप्प होते. फार वाईट वाटते मला.

देवांबरोबर ती रोज माझ्यावरही पाणी शिंपडते. ते आत मुरले आहे. काळ्यावर पिवळा करणारी ओळ मला आता आठवत नाही.

मित्रांनो, जपून ठेवलेली वस्तू कशाची आहे ते घरात सांगून ठेवा, अधूनमधून उघडून बघा. माझ्यासाठी नको, माझी वेळ टळली. उद्या सकाळी गोदू पुन्हा येईल, चाचपडत कॉम्प्युटरला जोडायचे माझे तोंड शोधील आणि त्यात बोटाने कुंकू भरील.