विहारात चुकून उघडलेलं पुस्तक

अहो, इकडे बघा, मी बोलतोय! कोरियातल्या भयकथांचं मराठी पुस्तक. अंगावर निळं कव्हर आहे, म्हणून ओळखलं नसेल तुम्ही.

अमरावतीच्या एका दुकानातून माधवीने मला घेतलं आणि नांदगाव खंडेश्वरजवळच्या आपल्या सासरी आणलं. ती नर्स. लग्नानंतर नोकरी सुटली. आता अकोल्याच्या एका दवाखान्यातून पुन्हा बोलावणं आलं होतं, पण सासू सुंदराबाईचं एकच, "तू गेल्यावर घर कोन पाहीन?" माधवी भाकरी थापायला घेई आणि त्या झाल्या की गॅसपाशीच मला वाची. पानांना हळदीची बोटं लागली, पण मला कोण आनंद!

घरात माझ्याच जाडीचा आणखी एक ग्रंथ होता, बुद्धाच्या धम्माचा. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी विहारात तो वाचला जाई. माधवीने हौसेने आम्हा दोघांना एकाच निळ्या कागदाची कव्हरं घातली. सुंदराबाईला वाचता येत नाही. एके दिवशी तिने मलाच उचललं आणि विहारात नेऊन डोमाजींच्या पुढ्यात ठेवलं. डोमाजी म्हणजे गावचे वाचक. खूण दिसेल तिथून थेट सुरू करायची त्यांची सवय.

"सून पहाटे उठली," त्यांनी खड्या आवाजात वाचलं. "तिचे हात तिच्या आधीच उठून स्वयंपाकघरात गेले होते."

डोमाजी थबकले. त्यांनी चष्मा काढला. माझी तर पानं फडफडायला लागली! आता मी रद्दीत जाणार.

"थांबले काहून? वाचा ना!" समोर बसलेल्या बाया ओरडल्या.

मग काय, डोमाजी रंगले! सुनेचे पाय गेले, डोळे गेले, घरातली कामं मात्र सुरूच. कुणाला पत्ताच लागला नाही, कारण जेवण वेळेवर मिळत होतं. शेवटी सासू हाक मारते, तर आत नुसते हात. ओ द्यायला तोंडच नाही.

"माधवी!" सुंदराबाई भर विहारात किंचाळली. खरा ग्रंथ घेऊन धावत आलेली माधवी दाराशी घाबरून उभी होती. "अवं, ओ दे वं माय!"

"आई, मी इथंच आहो." माधवी पुढे आली. "मले अकोल्याले जाऊ द्या."

"जाय. पन रोज फोन करजो."

माधवी गेली. मला मात्र बायांनी सोडलंच नाही! दर रविवारी माझी एक गोष्ट वाचली जाते. शिवण उसवलीय, तरी मी मजेत आहे.

काल सुंदराबाई पिठाच्या हातांनीच आली. डोमाजींना म्हणाली, "त्या गोष्टीतल्या सासूचे हात होते का जाग्यावर?"

डोमाजींनी मला किती वेळ चाळलं. माझ्यात ते लिहिलेलंच नाही हो! कुणीतरी लिहा. माझी शेवटची दोन पानं कोरी आहेत.