ओला क्लच

साहेब, डोंगी नाल्यावरचा पूल तुम्ही खाल्लात. सगळा खाल्लात आणि हाडूक तेवढं टाकून दिलंत. नाल्याच्या मधोमध एक खांब उभा आहे, वर गंजलेल्या सळया, सळयांवर बगळा. तुमच्या कागदावर तिथे पूल आहे. बगळ्याला ते कोणी कळवलं नाही, म्हणून तो बिचारा अजून खांबावरच बसतो.

तुम्ही पूल खाल्ला नसता, तर सुकरी हलामी त्या सकाळी धानोऱ्यात मनसारामच्या जुन्या गाड्यांच्या दुकानापुढे कमरेवर हात ठेवून भांडत उभी राहिली नसती.

"ओलं नोको," ती म्हणत होती. "ओला माल मी घेत नाई, भाऊ. साऱ्या इलाक्याले मालूम आहे."

"अवो बाई, ओला म्हणजे तसा ओला नाई!"

"ओला म्हणजे ओला. तूच म्हणला ना आत्ता, या मोटारसायकलचा क्लच ओला आहे म्हणून? आन त्या स्कुटीचा सुका? मंग सुकीच दे. नाईतर याले दोन दिवस उन्हात टाक, मंग पाहू."

दुकानातले सगळे हसले. मनसाराम हसला नाही. त्याने ग्रीसने माखलेला हात कपाळावर मारून घेतला आणि कपाळ काळं केलं.

सुकरीचं काही चुकत नव्हतं. गावच्या बाया जंगलात मोह वेचतात, चारोळी फोडतात, हिरडा गोळा करतात आणि ग्रामसभेच्या काट्यावर आणतात. त्या काट्यावर सुकरी बसते. पोत्यात कोपरापर्यंत हात घालते, तळाचा मूठभर मोह काढते, कानाशी खुळखुळवते. वाजला तर घेते. नाही वाजला तर म्हणते, "जा, सुकवून आण." सख्ख्या नणदेचं, सोनीबाईचं पोतं तिने असंच परत पाठवलं होतं. सोनीबाई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. पुढच्या हंगामात मोह असा कडक सुकवून आणला, की काट्यावर ओतताना गारा पडल्यासारखा आवाज झाला. तेव्हा दोघी हसल्या आणि बोलायला लागल्या. बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी इथल्या बायांना याच एका शब्दावर पिढ्यान् पिढ्या लुटलं: माल ओला आहे, वजन कापतो. सुकरी काट्यावर बसली आणि त्यांना कापायला ओल उरली नाही. अशा बाईच्या गळ्यात मनसाराम ओला क्लच मारायला निघाला होता.

गाडी तिच्यासाठी नव्हती. निशासाठी होती. निशा तिची एकुलती एक लेक, नुकतीच नर्स झालेली, नेमणूक नाल्यापलीकडच्या उपकेंद्रात. पूल असता तर सायकलवर गेली असती. पावसाळाभर नाल्यात गुडघाभर पाणी, आणि पुढे जंगलातून लांबच लांब वाट. "तिथीच राह्य क्वार्टरमधी," असं गावाने निशाला सुचवलं होतं. पण नवरा गेल्यापासून घरात दोघीच होत्या. सुकरी म्हणायची, "दिवसभर लोकायची सेवा कर, मी नाई म्हणत नाई. पण संध्याकाळी माया चुलीपाशी जेवाले ये." तिची जगाकडे एवढीच मागणी होती. रोज नाला ओलांडून लेकीला परत आणील अशी गाडी हवी होती. नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी.

"तशी लेडीज लोकायले स्कुटीच बरी राह्यते," मनसाराम निशाकडे वळला. "गिअर नाई, झंझट नाई."

"मी लेडीज नाई भाऊ, सिस्टर आहो," निशा म्हणाली. "मले गाडी नाल्यात न्यावाची आहे, वरातीत नाई."

"मंग झालं तर! तेच तर सांगून राह्यलो." मनसाराम स्कुटीच्या बुडाशी बसला. "हे पाहा. याच्यात पट्टा असते आन सुका क्लच. या डब्याले हवेसाठी भोक राह्यते. सडकेवर राणी आहे. पण पाणी आत गेलं का पट्टा फिसलते. इंजन बोंबलते, चाक काई फिरत नाई. आन हे मोटारसायकल. हिचा क्लच इंजनच्या तेलात बुडून राह्यते, चारी बाजूनं बंद. तेलानं ओला, बाई. पाण्यानं नाई."

सुकरीने इंजनवर बोटाने टकटक केलं.

"म्हणजे लोणच्यावानी."

"म्हणजे कसं?"

"लोणचं तेलाखाली बुडून असलं तर चांगलं राह्यते. तेल कमी झालं का बुरशी लागते."

मनसारामने मांडीवर थाप मारली. "बरोबर! आता पुढच्या गिऱ्हाइकाले मी हेच सांगतो."

"खुशाल सांग. पण पोत्यात हात घातल्याबिगर माल घेत नाई मी. तेल दाखव."

त्याने तेलाचं झाकण फिरवून काढलं. झाकणाला खाली पट्टी होती, पट्टीला तेल. सुकरीने ते बोटांवर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. मोहाच्या बियांचं तेलसुद्धा ती असंच पारखते.

"काळं आहे."

"काळं चालते, नवं टाकून देतो. दुधाच्या चहावानी असतं, तर समजाचं का आत पाणी गेलं."

"ठीक. आता नाल्यावर चाल."

"नाल्यावर? कोणती गाडी घेऊन?"

"दोन्ही. मोह कानाशी वाजवून घेतो का नाई आपण? गाडी नाल्यात वाजवून घेऊ."

"बाई, विकली नाई तर?"

"नाई विकली तर धुऊन तर निघन!"

दुपारपर्यंत अर्धं गाव डोंगी नाल्याच्या काठावर जमलं. जत्रा नव्हती, एवढंच. मनसारामने पँट गुडघ्यापर्यंत वळली, स्कुटीवर बसला आणि आमदारकीचा फॉर्म भरायला निघाल्यासारखा पाण्यात शिरला. खांबापर्यंत ऐटीत गेला. मग स्कुटीचा आवाज वाढला. अजून वाढला. बगळा उडून गेला. स्कुटी मात्र जागची हलेना. मनसाराम मूठ पिळतो आहे, इंजन कोकलतं आहे, आणि मासळ्या त्याच्या पायांमधून निवांत चालल्या आहेत.

सोनीबाई काठावरून ओरडली, "मनसारामभाऊ, लय बोलून राह्यली तुमची गाडी! चालत काऊन नाई? तिले इलेक्शनले उभी करा!"

लोक पोट धरून हसले. त्याच लोकांनी मग पाण्यात उतरून स्कुटी ढकलत बाहेर काढली आणि उन्हात उभी केली.

"पाहा," मनसाराम धापा टाकत म्हणाला, "सुका क्लच सुकवावा लागून राह्यला का नाई?"

निशाने ओढणी कमरेला बांधली. मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मूठ एकसारखी धरून पाण्यात घातली. घाई नाही, थांबणं नाही. खांबाच्या बाजूने पलीकडे गेली, वळली, परत आली. काठावर चढताना सायलेन्सरमधून पाण्याची धार गळत होती, पण आवाज तोच, जाताना होता तोच. सुकरीने इंजन थोडं निवू दिलं. मग स्वतः झाकण फिरवलं आणि तेल बोटावर घेतलं. दुधाळ नव्हतं.

"वाजला," ती म्हणाली. "बांध पोतं."

असा व्यवहार झाला. जाताना मनसारामने निशाला दोन गोष्टी बजावल्या. "सिस्टर, तेल येळेवर बदला, आन मोटारसायकलचंच टाका. दुसरं कोणतं टाकलं तर हाही क्लच फिसलते. आन ओला आहे म्हणून मस्ती नोको. इंजन ज्याच्यातून श्वास घेते, त्या या हवेच्या डब्यापर्यंत पाणी आलं, तर ओला का आन सुका का, सारं सारखंच."

सुकरीने ते ऐकलं. तिने गाडी खांबाला खेटून उभी करायला लावली, हवेचा डबा कुठवर येतो ते बघितलं, आणि त्याच्याही वीतभर खाली, खांबाभोवती जुन्या लुगड्याची लाल पट्टी करकचून बांधली.

"फडक्याखाली पाणी, तर ये. फडकं बुडलं, तर तिथीच राह्य. समजलं?"

"समजलं, यायो," निशा म्हणाली. यायो म्हणजे आई.

तुमच्या खांबाचा, साहेब, तेव्हा पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग झाला.

मग रोज संध्याकाळी काटा आवरून सुकरी काठावर जाऊन बसायची. जंगलात लांबवर गाडी वाजली की ती कान टवकारायची. निशा पाण्यातून वर आली की मागे बसायची, दोन्ही पाय एका बाजूला, आणि घरापर्यंत एकच सांगायची, "हळू चालव, माल सांडन." सोनीबाई दारातून ओरडायची, "काटेवाली गाडीवाली झाली वो!" सुकरी मान ताठ करून तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वर डोंगरात पाऊस झाला. संध्याकाळी सुकरी काठावर आली, तर खांबावर लाल पट्टी नव्हती. पाणी होतं. पलीकडे निशा उभी, गाडीचा दिवा चालू. नाल्याच्या आवाजात हाक पोचत नव्हती. निशाने दिवा दोनदा उघडझाप केला. सुकरीने हात वर केला आणि मागे वळवला: जा. दिवा थोडा वेळ तसाच राहिला. मग वळला. मागचा लाल ठिपका झाडांत शिरून दिसेनासा झाला, तेव्हा सुकरी माघारी फिरली. घरी तिने दोन ताटं मांडून ठेवली होती. एकावर दुसरं पालथं घातलं आणि झोपली.

पाणी उतरल्यावर निशा आली, जेवली, आईची चेष्टा केली. ते त्यांचं त्या बघून घेतील. गाडीचीही तक्रार नाही. ओला क्लच आपलं काम चोख करतो आहे. प्रश्न तुमच्या कामाचा आहे. मोह सुकला की वजन घटतं, हे इथल्या पोराटोरालाही कळतं. पण कितीही सुकवा, पोत्याच्या तळाशी पोतं म्हणावं एवढं काहीतरी उरतं. साहेब, तुमचा पूल असा किती ओला होता, की सुकून सुकून एकच खांब उरला? सुकरी काट्यावर बसली आहे आणि विचारते आहे. किती कापलंत? बोला.