टाकीतली गर्दी

सासऱ्यांना जाऊन दोन महिने झाले आणि त्यांचे मासे मरायला लागले. पहिला मेला तेव्हा सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. चौथा मेला तेव्हा मी जेवले नाही, कारण मेलेला मासा जाळीने काढून कुंडीत पुरायचं खातं माझ्याकडे आहे.

टाकी बाहेरच्या खोलीत, माझ्या शिलाई मशीनला खेटून. लोकांच्या पँटी आखूड करता करता मी दिवसभर माशांची तोंडं बघते. निवृत्त झाल्यावर सासऱ्यांना हे वेड लागलं. शोभेच्या माशांच्या दुकानावरून गेले की एक मासा घेऊन यायचे आणि दारातूनच सांगायचे, हा शेवटचा. असे सतरा शेवटचे मासे जमले. नावंही त्यांनीच ठेवली: एक साहेब, एक हेडक्लार्क, एक थोरल्या मामी, कारण ती दिसेल त्याला ढुसण्या द्यायची. सासरे रोज बादलीभर पाणी बदलायचे म्हणून एवढी गर्दी कशीबशी खपली. आता सासूबाईंना बादली उचलत नाही आणि मला सवड मिळत नाही.

खाणं घालायचं काम मात्र सासूबाईंनी घेतलं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले की त्या कळवळायच्या, केवढी भूक लागलीय बिचाऱ्यांना, आणि चिमूट टाकायच्या. मासे वरच राहायचे, मग आणखी एक चिमूट. पाणी गढूळ झालं, वास यायला लागला.

शेवटी मी मोबाइलवर टाकीचं चित्रण करून दुकानदाराला दाखवलं. त्याने एकदाच बघितलं. म्हणाला, एवढ्याशा टाकीत पाचच्या वर मासे ठेवू नका, बाकीचे मला आणून द्या. मी म्हटलं, हवेचा पंप चालू आहे की. तो म्हणाला, पंप तरी किती पुरा पडणार? खाणं कुजतंय, पाण्यात हवा उरत नाहीये. हे भुकेने वर येत नाहीत ताई, श्वासासाठी येतात.

मोबाइलवर ती तोंडं अजून उघडझाप करत होती. सासऱ्यांच्या शेवटच्या दिवशी मी तिथेच होते. त्यांची छाती कफाने भरली होती. डोळे मिटलेले, तोंड तेवढं उघडत होतं, मिटत होतं. सासूबाई म्हणाल्या, भूक लागलीय गं ह्यांना. वाटी मी धरली, चमचा त्यांनी. आम्ही दोघींनी मिळून अर्धी वाटी सूप त्या तोंडात घातलं. संध्याकाळी ते गेले. तेव्हापासून जो कुणी भेटायला येईल त्याला सासूबाई सांगतात, शेवटपर्यंत खाल्लं हो ह्यांनी, उपाशी नाही गेले. या एका वाक्याच्या आधारावर ती बाई सकाळी अंथरुणातून उठते. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की ती भूक नव्हती?

म्हणून मी थापा मारल्या. म्हटलं, मासे आपसात भांडतात, थोडे परत देऊ.

सासूबाई म्हणाल्या, "एका घरात राहायचं तर भांडणं होणारच. तुला नि मला कुणी दुकानात परत दिलं का?"

मग म्हटलं, टाकी जुनी झालीय, एवढा भार सोसणार नाही. त्या म्हणाल्या, ह्यांनी पारखून घेतलेली आहे. मी खाण्याचा डबा दोऱ्यांच्या खोक्यामागे दडवला, तर त्यांनी पावाचा चुरा घालायला सुरुवात केली. पाणी आणखी नासलं आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या मामी उलट्या होऊन तरंगताना दिसल्या. उरलेले बारा वर येऊन तोंडं वासत होते. मिटा रे मेल्यांनो ती तोंडं, असं मला ओरडावंसं वाटत होतं. गप्प राहिले तर मासे मरत होते आणि बोलले तर सासूबाईंचं कसं होणार, या विचाराने मला काही सुचत नव्हतं. मशीनवर एका पँटीचा एकच पाय आखूड करून ठेवला.

नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वडील गेले त्या दिवशी परगावी कामावर होता, तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि असलं काही नवऱ्याला सांगतात तरी कसं?

रविवारी दुपारी तो हत्यारांची पिशवी घेऊन घरी आला. सासूबाई टाकीपाशी होत्या, मूठभर चुरा घेऊन. तो वाकून बघायला लागला. मी डोळ्यांनी खुणावलं, पण माझ्या खुणा त्याला लग्नापासून कळलेल्या नाहीत.

"थांब आई, नको घालूस," तो म्हणाला. "त्यांना भूक नाहीये. श्वास कोंडलाय म्हणून तोंड उघडतायत, बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांसारखे. वरून खायला घातलंस तर आणखी गुदमरतील."

सासूबाईंचा हात टाकीवर तसाच राहिला. त्यांनी लेकाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"मग ह्यांना?" त्यांनी विचारलं.

"त्यांना भूकच होती, आई," मी म्हटलं. "मी होते ना तिथे. आवडीने खात होते."

फार लवकर बोलले मी. एरवी त्यांच्या कुठल्याही प्रश्नाला मी इतक्या तत्परतेने उत्तर देत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्या खुर्चीत बसल्या आणि मुठीतला चुरा पदरावर सांडला.

पदर झटकून त्यांनी विचारलं, "दुकानदाराने किती ठेवायला सांगितलेत?"

"पाच."

"मग पाच ठेव. बाकीचे देऊन टाक."

"कुठले पाच, ते तुम्ही सांगा."

"मला नको विचारूस," त्या म्हणाल्या. "मला भूक कुठली नि धाप कुठली, ते कळत नाही."

मी जाळी पाण्यात घातली. सगळी तोंडं हाताकडे आली. सासूबाई मान न वळवता एकेका तोंडाकडे बघत होत्या. नवरा बादली धरून उभा होता. "अगं, कुणाला भूक होती? कुणाबद्दल बोलताय तुम्ही दोघी?" असं तो विचारत राहिला आणि मी एकेक मासा त्याच्या बादलीत सोडत राहिले.