पुलावरून दिसणारा समुद्र

दोन हजार अठरा सालची गोष्ट. पडद्यांच्या दुकानात आलेली गिऱ्हाईकबाई कापड निवडायचं सोडून आपल्या परदेशच्या सहलीचं सांगत सुटली होती. कुठली कुठली शहरं घेतली आहेत ते सांगताना तिने एक नाव घेतलं आणि म्हणाली, "तिथला दगडी पूल म्हणे बघण्यासारखा आहे."

"पाहिलाय मी," शिवणयंत्रावरून झालरबाई म्हणाली. "दिवे लागायच्या वेळी जा. दुपारी काही मजा नाही."

तिचं खरं नाव दुकानात कुणी घेत नसे. पडद्याची झालर तिच्याइतकी एकसारखी कुणाला जमत नसे, म्हणून ती झालरबाई.

खोटं ती बोललीच नव्हती. पूल तिने पाहिला होता, पण कोरियन मालिकेत. मुलगा त्या शहरात नोकरीला जाऊन चार वर्षं झाली होती. भाचीने एकदा फोनवर मालिका लावून दिली. "मावशी, बघ, सगळं शूटिंग दादाच्या गावात झालंय!" बोलणं कोरियन, आणि खालची अक्षरं वाचेवाचेपर्यंत पुसली जात. कोण कुणावर का रुसलंय, याचा झालरबाईला पत्ता नसे. नायक-नायिका बोलू लागले की ती त्यांच्या खांद्यांवरून मागे बघे. ट्राम कुठे वळते, कुठल्या खिडकीला कसले पडदे आहेत, उतारावरच्या पायऱ्या कुठे जातात. एखाद्या वेळी गर्दीतून आपला मुलगा जाताना दिसेल, असं वेडं मन म्हणे. भाचीने पुढे दुसऱ्या देशांतल्या मालिकाही शोधून दिल्या. बर्फाचे डोंगर झाले, निळी तळी झाली, पण झालरबाई फिरून फिरून त्याच पुलावर येई.

तिचं बोलणं ऐकून कापड बेतणाऱ्या बाईने हात थांबवला. तिला सगळे कात्री म्हणत, आणि ते काही नुसतं कामावरून नव्हे. "अस्सं! म्हणजे मागे बहिणीच्या आजारपणाला गेलीस, ती लेकाकडे जाऊन आलीस होय? आणि आम्ही इथे तुझ्या बहिणीसाठी देव पाण्यात घालून बसलो!"

सगळं दुकान हसलं. 'नाही गं' म्हणायला तेवढाच क्षण होता, तो हातचा गेला. लेकाने बोलावलं का, असं या बायका सदा विचारत आणि ती 'पुढच्या वर्षी' म्हणाली की एकमेकींकडे बघत. आज पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत कीव नव्हती. आपण 'पाहिलं' म्हणालो, 'जाऊन आले' हे त्यांनीच जोडलं, असं ती घरी जाताना स्वतःला समजावत राहिली.

मग मात्र तिनेच झालर लावली. पुलावर थंडी वाजली, तेव्हा मुलाने अंगातला कोट काढून माझ्या खांद्यावर घातला. पुलाच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर समुद्र दिसतो. सांगताना जीभ अडखळत नसे; जीव जाई तो घरी आल्यावर. सांगून टाकायचं असं ठरवूनच ती दुकानाची पायरी चढे, आणि चहाच्या वेळी मालकीणबाई म्हणत, "ते कोटाचं सांग गं पुन्हा."

मुलाच्या खोलीसाठी तिने एक निळं कापड कधीचं बाजूला काढून ठेवलं होतं. दर फोनला म्हणे, "खिडकीचं माप पाठव रे." तो म्हणे, "पाठवतो." आपल्या हातचे पडदे तिकडे शोभत नसतील, असं मानून ती गप्प बसे.

त्याच वर्षाच्या शेवटी मुलगा आला. "दुकानात येऊ नकोस हं, कापडाची धूळ फार असते," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं. पण दुसऱ्या दिवशी ती चष्मा घरी विसरली, आणि तो द्यायला मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"या, या!" कात्रीने मोजपट्टी गळ्यात टाकली. "मुलगा असावा तर असा! आईला हुडहुडी भरली तर अंगातला कोट काढून देणारा. नाहीतर आमचे चिरंजीव! छत्रीसुद्धा स्वतःच्याच डोक्यावर धरतात."

"आणि तो समुद्र!" मालकीणबाई म्हणाल्या. "तुमची आई सांगते तेव्हा आम्हाला इथे लाटा ऐकू येतात."

मुलाने आईकडे पाहिलं. तिची मान यंत्रावर वाकलेली होती. सुईखाली कापड नव्हतं, तरी पाय चालत होते.

"हो," तो सावकाश म्हणाला. "आईला थंडी सोसत नाही."

"आणि समुद्र अगदी समोर?"

"दिसतो ना. हवा स्वच्छ असली की."

घरी जाताना कोपऱ्यावर ती थांबली. "मालिकेत पाहिलं रे सगळं. कोटसुद्धा त्या मालिकेतल्या पोराचाच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला."

"कळलं मला." मग तो म्हणाला, "तिथे समुद्र नाहीये, आई. दुसऱ्या कुठल्या गावचा जोडला असेल त्यांनी."

तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू कशाला लाजतेस? बोलावलं नाही ते मी."

"सुट्टी मिळत नसेल."

"मिळते." तो रस्त्याकडे बघत होता. "मी राहतो ती खोली तळघरात आहे. तिघं राहतो. खिडकीच नाही तिला."

"म्हणून माप..."

"हो."

तिला त्याला जवळ घ्यायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चष्मा आणलास ते बरं केलंस."

त्यानंतर तिने दुकानात पुलाचं नाव काढलं नाही. आणि खरं काय तेही सांगितलं नाही.

मुलाने पुढे वरच्या मजल्यावर घर घेतलं आणि पहिल्याच दिवशी माप पाठवलं. सोबत आईला बोलावणंही आलं. पण तोवर तिचे गुडघे जिनासुद्धा चढू देत नव्हते. निळे पडदे तेवढे गेले. भाची लग्न होऊन लांब गेली, तिथून अजून मालिका कळवते. मालकीणबाई थकल्या, दुकान मिटलं. कात्रीचे चिरंजीव सुधारले आणि आईला सहलीला घेऊन गेले. त्याच शहरात.

परतल्यावर कात्री तडक झालरबाईच्या घरी आली. ट्राम झाली, थंडी झाली, लेकाने धरलेल्या छत्रीचं कौतुक झालं. पुलाचं मात्र नाव निघेना. शेवटी झालरबाईनेच विचारलं.

"पूल पाहिलास?"

"पाहिला की. चांगली पाय दुखेपर्यंत उभी होते."

"आणि... समुद्र?"

कात्री हातातल्या बशीकडे बघत राहिली. जन्मात जिच्या जिभेने कुणाची भीड ठेवली नव्हती, ती म्हणाली, "त्या दिवशी धुकं फार होतं गं."

झालरबाई उठली आणि भांड्यात उरलेला सगळा चहा तिने कात्रीच्या कपात ओतला.