मुळाताईचं कार्ड

"कार्ड नंतर बघ, आधी विकणारीचं तोंड बघ," आई फोनवर सांगत होती. "चांगली वस्तू स्वस्तात मिळते तेव्हा एकतर वस्तूत खोट असते, नाहीतर विकणाऱ्याच्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं. वस्तू काय, कुणीही तपासतं. तू विचार, का विकताय म्हणून."

"बरं बरं, विचारते," म्हणून मी फोन ठेवला.

बुप्योंग स्टेशनच्या गेटपाशी मी लेकराला, ईआनला, छातीशी बांधून उभी होते. त्याने माझी कॉलर चोखून चोखून ओली केली होती. आईचं हे नेहमीचंच. सगळा जन्म तिने ह्वांगहाकच्या बाजारात बुडालेल्या खाणावळींची भांडी विकली. तिला प्रत्येक पातेल्याच्या तळाशी कुणाचं तरी दुःख दिसतं. मला दुःख बघायचं नव्हतं. मला ती बाई बघायची होती.

ग्यूसिक, माझा नवरा, बेकरीत कामाला आहे. पहाटे जातो, दुपारी येतो. ईआन झोपला की हेडफोन चढवून कॉम्प्युटरपुढे बसतो आणि ऑनलाइन खेळात त्यांची 'दुपारची टोळी' जमते. एक रात्रपाळीचा वॉचमन, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, आणि जुआनमध्ये किम्बापचं, म्हणजे भात-मुळ्याच्या सुरळ्यांचं, दुकान चालवणारी एक बाई. दुपारचं जेवण आटोपून संध्याकाळची गर्दी सुरू होईपर्यंत ती दुकानाचं दार ओढून घेऊन खेळायची. खेळात तिचं नाव 'मुळा'. हे सगळे तिला नुना म्हणत, म्हणजे ताई. मुळाताई. ताई म्हणता म्हणता झालेली लग्नं मी आमच्याच नात्यात पाहिली आहेत.

"ताई, तू मागे हो, मी घेतो अंगावर!" असं तो ओरडायचा आणि मग हसायचा. नाकातून सुरू होणारं, लग्नाआधीचं हसू. माझ्याशी बोलताना भाडं, डायपर आणि दुधाची पावडर. नावाने हाक मारणंही त्याने सोडलं होतं. मी 'ईआनची आई'. दाराआड कपड्यांच्या घड्या घालत मी ते हसू ऐकायची आणि एकच मोजा दोनदा घडी करायची.

आमचा कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्डच नव्हतं. ऐन लढाईत पडदा गोठायचा आणि हलायला लागेपर्यंत सगळी टोळी मेलेली असायची.

"मी एकटा मेलो असतो तर चाललं असतं गं," ग्यूसिक म्हणायचा. नवं कार्ड आमच्या आवाक्यात नव्हतं, आणि जुनं घ्यावं तर कॉम्प्युटरवर आभासी नाणी पाडणाऱ्यांनी रात्रंदिवस जाळलेलं निघायची भीती. तेवढ्यात ताई म्हणाली, माझं घे, बाजारात मिळतं त्याच्या निम्म्यात.

"मी आणते," मी म्हटलं. "तू दमून येतोस."

"खरंच?" त्याला किती बरं वाटलं. भोळा आहे.

लाल नखं, कमरेपर्यंत केस, असं काहीतरी मी मनात धरून आले होते. जी आली तिच्या पायात रबरी चपला, भांगात पांढरे केस आणि अंगाला तिळाच्या तेलाचा वास. पंचेचाळिशीची असेल. मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"तुम्ही ईआनची आई ना?" तिने वाकून विचारलं. "उतरला का हो ताप? परवा फारच चढला होता म्हणे."

तापाचं मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"उतरला," मी म्हटलं.

"बरं झालं. मला इतकी काळजी लागली होती. नाव काय हो तुमचं? ग्यूसिक नेहमी ईआनची आई, ईआनची आईच करतो."

"ईआनची आईच म्हणा."

ती हसली. पिशवीतून तिने टॉवेलमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. "पॉवर सप्लाय बदलायला नको, हे थोड्या विजेत भागवतं. आणि त्याला एक सांगा. कार्ड बसवलं की पडद्याची केबल खाली, कार्डाला लाव म्हणावं. वरच्या जुन्या भोकात नको. तो वरच लावणार, बघा तुम्ही. फार धांदरट आहे."

माझा नवरा धांदरट आहे हे मला ही सांगणार!

मी टॉवेल उलगडला. कार्ड स्वच्छ होतं, पंखे पुसलेले, स्क्रू जागच्या जागी. टॉवेल न वापरलेला होता आणि त्यावर छापलं होतं: 'उद्घाटनानिमित्त — मुळा किम्बाप, जुआन', खाली फोन नंबर. असे टॉवेल मी लहानपणापासून बघत आले आहे. दुकानदार ते नव्या गिऱ्हाइकाला द्यायला जपून ठेवतो. दुकान बुडालं की मग त्यांची किंमत फडक्याची होते. आईकडे यायची ती भांडी असल्याच टॉवेलांत गुंडाळून यायची. म्हणजे मला कळायला काहीच अडचण नव्हती. 'का विकताय' हे शब्द जिभेवर होतेही. पण तेवढ्यात तिने ईआनचा पाय मोज्यावरूनच अलगद दाबला आणि म्हणाली, "ग्यूसिकसारखेच अंगठे."

मी फोनवरून पैसे पाठवले. पडद्यावर तिचं खरं नाव आलं, तक युनमी. मी वळून चालू लागले.

"टॉवेल राहू दे तुम्हाला!" ती मागून म्हणाली.

ग्यूसिकने दुपारीच कार्ड बसवलं, आणि केबल वर लावली. मी ईआनला भरवत बघत होते. खेळ पूर्वीसारखाच गोठला.

"काहीच फरक नाही!" त्याचं तोंड उतरलं. "ताई असं जळकं कार्ड देणार नाही गं."

"माणसं ओळखायला वेळ लागतो," मी चमच्याने ईआनची हनुवटी पुसत म्हटलं. इतकं गोड मला बऱ्याच दिवसांत काही लागलं नव्हतं.

त्याने तिला काही विचारलंही नाही. तिचेच निरोप येत होते, 'चाललं का रे?' आणि हा उत्तर देईना. निम्म्या किमतीत दिलेल्या वस्तूबद्दल तक्रार कशी करायची? हेडफोन खुंटीला गेले. घर शांत झालं. मला वाटलं होतं आता हा माझ्याकडे वळेल. तो भिंतीकडे तोंड करून झोपू लागला.

शेवटी एका दुपारी तो कार्ड काढायला बसला, आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता मी म्हटलं, "केबल वरच्या भोकात नको म्हणाली होती. खाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने केबल बदलली.

पडदा उजळला आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की तो इतके दिवस खेळत होता तिथे गवत होतं. वाऱ्याने ते एका बाजूला झुकत होतं. ओढ्यात ढग दिसत होते.

"बोराम," तो म्हणाला. "बोराम, बघ ना."

माझं नाव! मी हातातली चादर खाली ठेवून त्याच्या खुर्चीपाशी गेले. त्याच क्षणी कोपऱ्यात खेळातल्या टपालाचं चिन्ह लुकलुकलं. मुळाताई. तो क्षणसुद्धा तिने मला पुरता मिळू दिला नाही.

टपालात तिची औषधी पानं होती, चिलखत होतं, आणि पांढरा घोडा. खाली चार ओळी: 'माझं आवरलं. सगळ्यांना सगळं वाटून दिलं. घोडा तुला. ईआनच्या आईला सांग, ताप आला तर पट्टी कोमट पाण्याची, गार नको.'

"खेळ सोडला असेल," मी म्हटलं. "सुटलो."

ग्यूसिकचा चेहरा पांढरा पडला होता. "सोडणारे सगळेच वाटतात गं. पैसे वाटतात, चिलखत वाटतात. पण घोडा कुणी देत नाही. घोडा ठेवतात. कधीतरी परत यावंसं वाटलं तर असावा म्हणून." मग म्हणाला, "कार्ड देण्याआधी महिनाभर ताई केव्हाही हाक मारली तरी असायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी, जेवणाच्या वेळेला. आम्हाला आनंदच झाला. दुकान कोण बघतंय, हे एकानेही विचारलं नाही."

मी जाऊन तो टॉवेल आणला. त्यावरचा नंबर बंद होता.

आम्ही जुआनला गेलो. मुळा किम्बापच्या जागी आता आइस्क्रीमचं दुकान आहे, बिनमाणसाचं. स्वतः घ्या, स्वतः पैसे भरा. फ्रीज घुमत होते आणि विचारावं असं आत कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीने दार अर्धंच उघडलं. "गेली ती. भांडी विकून टाकली आणि गेली. कुठे? आता ते मी कशाला विचारू, बाई?"

परतताना आईचा फोन आला. "कार्ड चाललं का गं?"

"चाललं."

"आणि का विकलं म्हणाली?"

मी ईआनची टोपी सारखी करत राहिले.

पोलिसांत ग्यूसिक जाऊन आला. नातं विचारलं, त्याला सांगता आलं नाही. वॉचमन आणि बसवालेकाका आपापल्या भागात विचारताहेत. घोडा अजून टपालातच आहे. ग्यूसिक तो स्वीकारत नाही. स्वीकारला की तिचा राहणार नाही म्हणतो. आणि ती मला अजूनही आवडत नाही, हे खोटं कशाला बोलू? दुपारी तो हेडफोन लावून नुसता ऐकत बसतो, तेव्हा आतून जळायचं ते जळतंच.

पण तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत कुणी एकटी बाई नव्याने राहायला आली असेल, पंचेचाळिशीची, भांगात पांढरे केस, तुमचं लेकरू दिसलं की आधी त्याचा पाय दाबून बघणारी, तर तिच्या दाराची घंटा वाजवा. अर्धंच उघडलं तरी उभे राहा. जेवलात का, एवढं विचारा. तक युनमी असेल तर सांगा, केबल खाली लावली आहे, छान चालतंय. आणि तिने माझं नाव विचारलं होतं. बोराम, म्हणावं.