रेघेवरचे तीन गोल

आमच्या अर्धापूरच्या शाळेला मैदान होतं, पण गोल एकच होता. दुसऱ्या टोकाला वर्गांच्या खिडक्या होत्या आणि त्या खिडक्यांच्या काचा हेडमास्तरांच्या भारी लाडक्या, म्हणून तिकडं खांब रोवायची परवानगी आम्हा पोरींना फुटबॉल शिकवणाऱ्या सुदाम सरांना मिळालीच नाही. जो एक गोल होता त्याच्यामागं चार पावलांवर हणमंतरावांची केळीची बाग, आणि बागेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. जाळी वगैरे थाट नव्हता. पोरीनं जोरात लाथ मारली की बॉल खांबांमधून थेट काट्यात. पहिल्या महिन्यात तीन बॉल फुटले. चौथा सरांनी कुठून आणला ते आम्ही विचारलं नाही, पण त्याच दिवशी त्यांनी नियम केला.

"बॉल खांबांमधल्या रेघेवर आणायचा आन् तळपायाखाली थांबवायचा. थांबला की गोल. रेघ वलांडली की बाद, आन् मारणारी पोरगी घरी."

मी आता लातूरला क्लासच्या पोरींच्या होस्टेलवर रेक्टर आहे. पोरींना हे सांगितलं की त्या खिदळतात. खिदळा म्हणावं. दोन वर्षं आम्ही तसंच खेळलो आणि त्या दोन वर्षांइतकी मजा मला पुढं कशात आली नाही. सकाळी साडेसहाला मैदानावर जायचं, केळीच्या पानांवर दहिवर असायचं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि अर्ध्या मैदानात बावीस पाय बॉलभोवती गुंतलेले. जोर लावायचा नाही म्हटल्यावर आम्ही पासिंग इतकं बारीक शिकलो की बॉल पायाला चिकटल्यासारखा चालायचा. बुद्धप्रिया आमची गोलकीपर. ती गोल कमी आणि कुंपण जास्त राखायची. तिच्या हातून बॉल सुटला तर सगळ्यांचाच खेळ संपणार, त्यामुळं ती जिवावर उदार होऊन उड्या घ्यायची. पण खरी खेळाडू राजकन्या. सडपातळ, बोलायला कमी, आणि बॉल घेऊन निघाली की तिला अडवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. मला तिचा हेवा वाटायचा, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

राजकन्येचे वडील देविदासकाका हणमंतरावांच्याच बागेत कामाला होते. घड उतरवायचे, खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायचे, गाडी भरायची. सकाळी कामाला लागण्याआधी ते कुंपणापलीकडं उभे राहून आमचा खेळ बघायचे. बघायचे म्हणजे हिशेब चालायचा. बॉल थांबला की "झाला!" आणि काट्याकडं आला की "गेला काट्यात!" फुटबॉल नावाचा खेळ त्यांनी जन्मात तेवढाच बघितलेला, त्यामुळं त्यांच्या लेखी जगभर तो तसाच खेळला जात होता.

दहावीच्या वर्षी आम्ही नांदेडला जिल्ह्याची स्पर्धा जिंकलो. कशी, ते सांगते. मुलींचे दोनच संघ होते आणि दुसरा आलाच नाही. पण कागदावर आम्ही जिल्हाविजेते झालो आणि लातूरला विभागाच्या स्पर्धेला जायचं ठरलं.

त्याच आठवड्यात राजकन्येच्या घरी पुढचं बोलणं निघालं. सर तिला म्हणाले होते, दहावी झाल्यावर लातूरला ये, तिथं शिक्षण आणि खेळ दोन्ही होईल, होस्टेलचं मी बघतो. तिची आई तयार होती. देविदासकाका मात्र शाळेच्या फाटकावर येऊन सरांना आमच्यादेखत म्हणाले, "सर, मी सोता लातूरला येतो मॅच बघायला. पोरगी जिंकून आली तर ठिवतो तिकडं शिकायला. न्हाई तर उन्हाळ्यापसून माझ्यासंगं केळीत. फुकट कामून पाठवू?" माणूस वाईट नव्हता. पण एकदा बोलला की मागं घेत नसे, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

एसटीत सरांनी आम्हाला अहमदपूरपर्यंत एकच गोष्ट घोकवली. लातूरला जाळी आहे, काटे नाहीत, बॉल पूर्ण रेघेच्या पलीकडं गेला तरच गोल. आम्ही हाव हाव म्हणत माना डोलावल्या. डोक्याला समजलं होतं हो. पायांना कुणी सांगायचं?

समोर उस्मानाबादकडचा संघ होता, उंच उंच पोरी. पण त्यांना बॉल दिसेचना. दहाव्या मिनिटाला राजकन्या तिघींना चुकवून गोलापाशी पोचली, गोलकीपर खाली पडलेली, समोर मोकळी जाळी. आणि राजकन्येनं बॉल रेघेवर आणून तळपायाखाली अलगद थांबवला आणि दोन्ही हात वर केले. ती गोलकीपर बिचारी क्षणभर तिच्याकडं बघतच राहिली. मग उठली आणि बॉल उचलून घेऊन गेली.

जाळीच्या मागून आवाज आला, "झाला! एक!"

देविदासकाका होते. धुवट धोतर, नवी टोपी, आणि आनंदानं तोंडभर हसू.

दुसऱ्या वेळी माझी पाळी. मी काही शहाणी निघाले नाही. मनात "मार, जये, मार" असं म्हणत मी गोलापर्यंत गेले आणि पाय आपोआप बॉलवर बसला. खाली बघितलं तर बॉल रेघेवर. मला स्वतःच्या पायाला चपलेनं मारावंसं वाटलं. मागून आवाज, "दोन!"

उत्तरार्धात त्यांच्या एका पोरीनं लांबून असा तडाखा हाणला की बुद्धप्रियेची बोटं चाटून बॉल जाळीत गेला. लातूरकरांनी टाळ्या वाजवल्या. देविदासकाकांनी कपाळाला हात लावला. "गेला काट्यात! आन् माणसं टाळ्या पिटून राहिली. दुसऱ्याच्या नुकसानीचं यांना काय कौतुक!"

मॅच संपायला दोन-तीन मिनिटं असतील. मी डावीकडून बॉल ढकलला, गोलकीपर चुकली, आणि बॉल आपल्या आपण रेघेकडं निघाला. हळू, पण निघालेला. कुणीही हात लावला नसता, नुसतं बघत उभं राहिलं असतं तरी बरोबरी झाली असती. तेवढ्यात राजकन्या पलीकडून जिवाच्या आकांतानं धावत आली. दोन वर्षांची सवय, बॉल काट्यात जायला नको. तिनं घसरत पाय घातला आणि आमचाच गोल वाचवला.

"तीन!" देविदासकाकांनी टोपी काढून हवेत उडवली.

त्यांच्या एका पोरीनं बॉल लांब लाथाडला आणि थोड्याच वेळात शिट्टी वाजली. आम्ही एक-शून्यनं हरलो. राजकन्या रेघेवरच बसून रडायला लागली आणि मी तिच्या अंगावर ओरडत गेले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आम्ही सगळ्याच रडत होतो. एवढ्यात काका दोरी ओलांडून आत आले, येताना वाटेतल्या दोघातिघांना सांगत, माझी पोरगी हाय, माझी.

"रडता कामून गं? तीन गोल केले की! त्येंला एक बी थांबवता आला न्हाई."

राजकन्येनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून दिसतं. तिला खरं बोलायचं होतं आणि खरं बोललं की उन्हाळ्यापासून केळी. ती म्हणाली, "आनंदानं रडू आलं, आप्पा."

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी तोंड उघडलं. "काका, आपण..." तोच सुदाम सरांनी माझ्या हातात पाण्याची कळशी दिली आणि म्हणाले, "जया, पोरींना पाणी दे." मग काकांकडं वळून म्हणाले, "देविदासराव, तुमची पोरगी लई चांगली खेळली." सर आयुष्यात खोटं बोलले नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत.

"आन् कप?"

"कप न्हाई. सर्टिफिकेट मिळंल."

काकांनी ते सहभागाचं सर्टिफिकेट नांदेडला जाऊन फ्रेम करून आणलं. जून लागला तसा राजकन्येची पत्र्याची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिला लातूरला पोचवून आले. ज्याला त्याला सांगत, विभागात जिंकली माझी पोरगी, तीन गोलांनी. अकरा पोरी आणि एक मास्तर, बारा तोंडं बंद राहिली. माझंसुद्धा राहिलं, यावर माझ्या नवऱ्याचा आजही विश्वास बसत नाही.

राजकन्या आता लातूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिच्या पोरी दणादण गोल मारतात. बार्शी रोडला तिचं घर, आणि रविवारी दुपारी माझं जेवण बहुतेक तिथंच. जेवून झाल्यावर आम्ही अर्धापूरच काढतो. कुणाचा बूट फाटला होता, कोण केळी चोरून खायचं, सर शिट्टी हरवली की तोंडानंच कसे वाजवायचे. तिच्या नवऱ्याला हे सगळं पाठ झालंय.

मागच्या महिन्यात देविदासकाका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडं आले होते. एक डोळा झालेला, त्यावर काळा चष्मा. टीव्हीवर कुठली तरी मॅच लागली होती आणि काका राजकन्येच्या शिवांगीला, दहा वर्षांची आहे, तिच्या आईचे तीन गोल सांगत होते. तेवढ्यात टीव्हीवर बॉल नेमका रेघेवर अडला आणि एका खेळाडूनं तो परत मैदानात लाथाडला.

"झाला!" काका म्हणाले.

"न्हाई झाला, आबा," शिवांगी म्हणाली. "पूर्ण बॉल रेघेच्या पलीकडं गेला पायजे. रेघेवर असला की गोल नसतो. मम्मीच शिकवती ना."

राजकन्या भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. मी शिवांगीवर डोळे वटारले, पण पोरगी आपल्या ज्ञानात. तिनं टेबलावर बोटानं रेघ ओढून, वर लिंबू ठेवून आजोबांना नीट समजावलं. काकांनी दोनदा विचारलं आणि तिनं दोनदा सांगितलं. मग त्यांनी ते लिंबू स्वतः उचलून रेघेच्या पलीकडं ठेवून बघितलं.

"राजू," ते म्हणाले. "मंग तवा तुम्ही हारला व्हता?"

राजकन्येनं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार?

"हाव, आप्पा. एक-शून्यनं."

"सुदाम सरला ठाऊक व्हतं?"

"समद्यांला ठाऊक व्हतं."

काका चिडतील, उठून जातील, अठरा वर्षं मला येडं केलं म्हणतील, म्हणून मी मधे पडायच्या तयारीत बसले होते. सगळा दोष माझ्यावर घ्यायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. त्यांनी काळा चष्मा काढला, डॉक्टरनं काढू नका म्हणून बजावलेलं असताना, आणि लेकीकडं बघितलं. भिंतीवर तिच्या शाळेच्या संघाचे फोटो होते, तिकडंही बघितलं.

"बरं झालं कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "नेलं असतं गं तुला माघारी."

"जाऊ द्या ना आप्पा आता."

"न्हाई, नेलंच असतं. गाडी भरायला एक माणूस कमी पडत व्हतं तवा. तेवढ्यासाठी नेलं असतं तुला."