पाठ

धाकटीने दादाच्या विजेच्या सायकलचं मागचं चाक जमिनीपासून उचललं आणि हँडलची मूठ पिळली. पेडल जागचं हललं नाही, चाक मात्र गरगरा फिरलं.

"सख्ख्या भावाचीही झडती!" दादा खुर्चीतून म्हणाला.

"मोटर लाव हवी तर, पण पाय चालते ठेव. नुसत्या मुठीवर सायकल आत पळवायची नाही." सकाळपासून चाकं उचलून तिची कंबर पार मोडून गेली होती. "राष्ट्रीय उद्यान आहे हे. नियम म्हणजे नियम."

"मला शिकवतेस होय गं?"

खरंच की. याच फाटकावर तीस वर्षं दादा उभा होता. कोणा मंत्र्याच्या मेव्हण्यालाही त्याने परत धाडलं होतं. पण छातीच्या ऑपरेशननंतर आठ महिने तो घराबाहेर पडला नव्हता. वहिनीचा सकाळीच फोन आला होता. "वन्सं, आज कसे तरी निघालेत. तळ्यापर्यंत पोचू देत हो. नाहीतर पुन्हा अंथरूण धरतील."

दादा निघाला. पहिल्या चढावरच पाय मंदावले, सायकल डगमगली, त्याने एक पाय जमिनीला टेकवला. त्याचे खांदे वरखाली होत होते. मूठ पिळली की दहा मिनिटांत तळं! रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

ती वळली आणि चौकीत शिरली. नोंदवही उघडली, लिहायला काहीच नव्हतं. उगाच टेबल पुसलं.

"जा रे बाबा," ती पुटपुटली. "पीळ ती मूठ, मी नाही बघत."

थोड्या वेळाने खडी करकरली. दादा सायकल हाताने ढकलत परत येत होता, घामाने निथळत.

"का आलास? पोचला असतास की!"

"पोचलो असतो." तो खुर्चीत बसला. "मूठ पिळून. तू पाठ फिरवलीस ना, तेव्हाच कळलं ते."

तिला मान वर करवेना. एवढी शरम तिला साहेबाच्या बोलण्यानेही कधी वाटली नव्हती.

"दादा, मी आपलं..."

"आधी पाणी दे."

तो घोटघोट पाणी प्यायला. धाप ओसरायला बराच वेळ लागला. मग त्याने चढाकडे बोट केलं.

"उद्या त्या वळणापर्यंत जाईन. पण तू बघत राहायचंस. पडलो तरी."